भूगंधर्व रहिमत खाँ

प्रास्ताविक

थोर माणसांची चरित्रे आपण अनेकदा वाचतो. बहुतेक चरित्रांत परिश्रम, संकटे आणि शेवटी यश असा क्रम असतो. या पाठातील चरित्र मात्र थोडे निराळे आहे. हे एका महान गवयाचे चरित्र आहे. त्यांच्या गळ्यात असामान्य माधुर्य होते, परंतु मन मात्र आजारी होते. हा आजार कधीच पूर्णपणे बरा झाला नाही. तरीही त्यांचे गाणे टिकले, वाढले आणि पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचले. हे कसे घडले, हे या पाठातून आपल्याला समजून घ्यायचे आहे.

ही कथा ग्वाल्हेरला सुरू होते आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडला संपते. मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र यांना संगीताच्या धाग्याने जोडणारी ही कथा आहे. त्यामुळे जबलपूर आणि महाराजपूरच्या परिसरात राहून मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ती विशेष जवळची वाटेल.

घराणे आणि शिक्षण

एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेर हे शिंदे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. शिंदे राजे मूळचे महाराष्ट्रातील असल्यामुळे तेथे मराठी माणसांची मोठी वस्ती होती. राजदरबारात गुणीजनांना आश्रय मिळत असे. लखनौहून ग्वाल्हेरला आलेले नत्थन पीरबक्ष यांच्या वंशातील हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंनी दरबारात मोठा लौकिक मिळवला. त्यांच्या तरुणपणाविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. दौलतराव शिंदे यांच्या दरबारात बडे महंमद खाँ नावाचे तानबाज गवई होते. त्यांचे गाणे या दोघा भावांनी पडद्याआड बसून बराच काळ ऐकले आणि त्यांची तानेची पद्धत आत्मसात केली, असे सांगतात. पुढे या बंधूंनी ख्यालगायनाला जे वळण दिले, त्यालाच आपण ग्वाल्हेर घराण्याची गायकी म्हणतो. मोकळा आणि दमदार आवाज, सरळ व सपाट ताना, बंदिशीची स्वच्छ मांडणी आणि लयीचे पक्के भान ही या गायकीची ठळक वैशिष्ट्ये आहेत.

रहिमत खाँ हे हद्दू खाँ यांचे धाकटे पुत्र. त्यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. थोरले बंधू महंमद खाँ हेही गवई होते. बड्या महंमद खाँपासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांना छोटे महंमद खाँ म्हणत. घरातील दोन मुलीही मोठ्या कलावंतांना दिल्या होत्या. एक जावई प्रख्यात बीनकार बंदे अली खाँ, तर दुसरे सहस्वानचे इनायत हुसेन खाँ. अशा घरात वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर पहाटेपासून रात्रीपर्यंत सूरच पडत. वडिलांच्या कडक शिस्तीत रहिमत खाँ यांची तालीम झाली. एकेक पलटा शेकडो वेळा घोटायचा, एकेक बंदीश गळ्यावर चढेपर्यंत पुढे जायचे नाही, अशी त्या काळच्या घराणेदार तालमीची रीत होती. पुढील आयुष्यात रहिमत खाँ यांचे बरेच काही हरवले, पण या तालमीने गळ्यात मुरलेली विद्या मात्र हरवली नाही. ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे.

ग्वाल्हेरच्या या विद्येचा मराठी मुलखाशी जवळचा संबंध जुळला होता. महाराष्ट्रातील अनेक तरुण घरदार सोडून, प्रसंगी शेकडो मैल पायी चालून ग्वाल्हेरला गाणे शिकायला जात. वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ही विद्या शिकले आणि त्यांनी ती महाराष्ट्रात आणली. त्यांचेच शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि संगीत सामान्य माणसाच्या घरापर्यंत नेले.

ग्वाल्हेरला गेलेल्या अशाच तरुणांपैकी एक होते विष्णुपंत छत्रे. रहिमत खाँ यांच्या जीवनाला पुढे जे वळण मिळाले, ते विष्णुपंतांमुळेच.

विष्णुपंत छत्रे

विष्णुपंतांचा जन्म १८४० साली आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोप या गावी झाला. त्यांना दोन गोष्टींची विलक्षण आवड होती. एक घोडे आणि दुसरे गाणे. या दोन्ही विद्या शिकण्यासाठी ते ग्वाल्हेरला गेले. तेथे बाबासाहेब आपटे यांच्याकडे ते घोड्यांना शिकवण्याची कला शिकले आणि हद्दू खाँ यांच्याकडे गाणे शिकले. त्यामुळे रहिमत खाँ त्यांचे गुरुबंधू झाले. गुरूचा मुलगा म्हणजे आपल्या घरचाच माणूस, ही भावना त्या काळी फार खोलवर रुजलेली होती.

पुढे विष्णुपंतांचा जीवनमार्ग बदलला. मुंबईत युरोपीय सर्कशींचे खेळ होऊ लागले होते. घोड्यांच्या अशा कसरती हिंदी माणसालाही करून दाखवता येतील, अशी ईर्ष्या त्यांच्या मनात जागी झाली. १८८० साली त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली. भारतीयांनी चालवलेली ही पहिली आधुनिक सर्कस मानली जाते. या काळात देशात रेल्वेचे जाळे पसरत होते. १८७० साली मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन्ही लोहमार्ग जबलपूर येथे जोडले गेले, आणि मुंबईहून गंगेच्या खोऱ्यापर्यंत सलग रेल्वेप्रवास शक्य झाला. माणसे, जनावरे, तंबू आणि सामान यांसह गावोगाव फिरणाऱ्या सर्कशींना रेल्वेचा मोठाच आधार झाला.

आघात आणि भ्रमंती

इकडे ग्वाल्हेरला रहिमत खाँ यांच्या जीवनात मोठी उलथापालथ झाली. १८७५ च्या सुमारास हद्दू खाँ यांचे निधन झाले. त्यानंतर थोरले बंधू महंमद खाँ हेही वारले. वडील हे गुरू आणि भाऊ हा सोबती. दोघांचे छत्र हरपल्यावर रहिमत खाँ यांच्या मनाचा तोल गेला, असे जुने जाणकार सांगत. ते घरातून निघून गेले. उत्तर हिंदुस्थानात भटकत भटकत ते काशीला पोहोचले. अंगावर धड वस्त्र नाही, राहण्याला ठिकाण नाही, जेवणाची शाश्वती नाही, अशा अवस्थेत ते दिवस काढू लागले. त्यातच अफूचे व्यसन जडले.

त्या काळी अफू मिळणे अवघड नव्हते. माळव्यात अफूची मोठी शेती होती. काशीजवळ गाझीपूर येथे तर इंग्रज सरकारचाच अफूचा कारखाना होता. परवानाधारक दुकानांतून अफू उघडपणे विकली जाई. दुखणे कमी व्हावे म्हणून, झोप लागावी म्हणून, इतकेच काय, तान्ही मुले शांत राहावीत म्हणूनही लोक अफू देत. अफूने दुःखाचा काही काळ विसर पडतो. परंतु तिची सवय लागली की शरीर तिच्याशिवाय राहू शकत नाही. अफू एकाएकी बंद झाली तर अंग ठणकते, झोप उडते, जीव कासावीस होतो. आधीच दुखावलेले मन आणि त्यावर हे व्यसन, अशा दुहेरी फासात रहिमत खाँ सापडले.

मनाच्या आजारावर त्या काळी उपचार जवळजवळ नव्हतेच. इंग्रज सरकारने १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांविषयी कायदा केला होता. परंतु त्या इस्पितळांचा मुख्य हेतू रोग्याला समाजापासून दूर ठेवणे हा होता. सर्वसामान्य लोक अशा माणसाला बाहेरची बाधा झाली असे समजत, किंवा त्याची टवाळी करत. काशीच्या गल्ल्यांतून फिरणारा हा फाटका माणूस ग्वाल्हेरच्या राजगवयाचा पुत्र आहे, हे तेथील कोणाच्या ध्यानात येणार?

गुरुबंधूंची भेट

विष्णुपंतांची सर्कस फिरत फिरत उत्तर हिंदुस्थानात गेली आणि काशी येथे त्यांना रहिमत खाँ भेटले. या भेटीच्या हकिकती निरनिराळ्या प्रकारे सांगितल्या जातात. पण सर्वांचा आशय एकच आहे. रस्त्यावरच्या त्या दीन माणसात विष्णुपंतांनी आपल्या गुरूचा मुलगा ओळखला आणि त्याला ते आपल्या मुक्कामावर घेऊन आले.

ओळख पटणे ही तशी क्षणाची गोष्ट होती. खरी कसोटी त्यानंतर लागली. विष्णुपंत हे एका मोठ्या व्यवसायाचे मालक होते. शेकडो गोष्टींची जबाबदारी त्यांच्यावर होती. मनाने आजारी आणि व्यसनात बुडालेला माणूस सांभाळणे म्हणजे केवळ दोन वेळचे अन्न देणे नव्हे. त्याची वेळी-अवेळीची लहर सांभाळावी लागते, तो निघून जाऊ नये म्हणून लक्ष ठेवावे लागते, तो रागावला तरी आपण रागवायचे नसते. अफूचे व्यसन तर एका दिवसात सुटणारे नव्हते. अफू मिळेल या आशेनेच खाँसाहेब त्यांच्याबरोबर राहायला तयार झाले, असेही सांगतात. ही गोष्ट आज आपल्याला खटकेल. पण व्यसनमुक्तीचे शास्त्र जेव्हा अस्तित्वातच नव्हते, तेव्हा जवळ असलेल्या साधनांनी विष्णुपंतांनी त्यांना रस्त्यावरून घरात आणले, हे विसरून चालणार नाही.

त्यानंतर रहिमत खाँ छत्रे मंडळींबरोबरच राहिले. सर्कशीचा तळ जेथे पडे, तेथे खाँसाहेबांचाही मुक्काम असे. हळूहळू त्यांचा दिवस काहीसा नियमित झाला. अन्न, वस्त्र, निवारा आणि परिचित माणसे यांच्या सोबतीने त्यांच्या गाण्याला पुन्हा वाव मिळाला. गावोगावी त्यांच्या मैफली होऊ लागल्या. एकीकडे घोड्यांच्या टापा आणि बँडचा गजर, तर दुसरीकडे तानपुऱ्यांच्या नादात रंगलेला ख्याल, असा विलक्षण संगम छत्र्यांच्या तळावर दिसू लागला.

विष्णुपंतांनी खाँसाहेबांच्या गाण्याचा आपल्या लौकिकासाठी उपयोग करून घेतला का, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात येईल. हा प्रश्न रास्त आहे. खाँसाहेबांच्या मैफलींमुळे छत्र्यांचा लौकिक वाढला, हे खरे. परंतु खाँसाहेब गात नसत तेव्हाही त्यांना आश्रय होता. विष्णुपंतांच्या निधनानंतरही तो सुटला नाही. जेथे केवळ फायदा पाहिला जातो, तेथे संबंध इतका दीर्घकाळ टिकत नाही.

मैफलीतील खाँसाहेब

रहिमत खाँ यांच्या गाण्याचे वर्णन करताना जुने रसिक सर्वप्रथम त्यांच्या आवाजाविषयी बोलत. हा आवाज बारीक, टोकदार आणि अत्यंत सुरेल होता. सूर लागला की तो थेट काळजाला भिडत असे. ग्वाल्हेर गायकीतील दमदारपणा त्यांच्याकडे होताच, पण त्या गायकीला त्यांनी एक आर्त गोडवा दिला. त्यांचे आलाप साधे असत, तरी ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. ताना मोत्याच्या सरासारख्या दाणेदार येत. ख्यालाप्रमाणेच ठुमरी आणि टप्पाही ते गात. त्यांच्या गळ्यातील या माधुर्यामुळेच रसिकांनी त्यांना भूगंधर्व म्हटले. गंधर्व हे स्वर्गातील गवई, आणि हे पृथ्वीवरील गंधर्व, असा त्या पदवीचा अर्थ आहे. नेपाळच्या दरबारातही त्यांच्या गाण्याचा मोठा गौरव झाला, असे सांगितले जाते.

परंतु मैफलीतही त्यांचा आजार त्यांच्या सोबत असे. ते स्वतःशीच काही पुटपुटत. कधी गाताना मध्येच थांबत, कधी श्रोत्यांचे भानच त्यांना नसे. समोर राजा आहे की सामान्य माणूस आहे, याचे त्यांना सोयरसुतक नसे. अशा वेळी शेजारी बसलेले छत्रे त्यांना हळुवारपणे पुन्हा गाण्याकडे वळवत. तानपुरे जुळून सुरांचे वातावरण तयार झाले की त्यांचा चेहरा बदले, आणि इतर वेळी विस्कळीत वाटणारे त्यांचे मन सुरांच्या वाटेवर मात्र चुकत नसे.

यावरून काही लोकांनी असा समज करून घेतला की त्यांच्या वेडामुळेच त्यांचे गाणे थोर झाले. कलावंत आणि वेड यांची सांगड घालण्याची आपल्याकडे एक हौसच आहे. पण हा समज बरोबर नाही. रहिमत खाँ यांचे गाणे थोर झाले ते वडिलांनी दिलेल्या तालमीमुळे आणि बालपणापासूनच्या मेहनतीमुळे. आजाराने त्यांना काही दिले नाही. उलट त्याने त्यांची ऐन उमेदीची वर्षे हिरावून घेतली, घर हिरावून घेतले. पद्धतशीर तालीम देऊन आपल्यामागे शिष्यांची परंपरा उभी करणेही त्यांना साधले नाही. इतके सोसूनही जे गाणे उरले, ते एवढे मोठे होते. निरोगी आयुष्य लाभले असते, तर ते किती बहरले असते याची कल्पनाच करावी लागते.

कुरुंदवाडचा निवारा

१९०५ साली विष्णुपंत छत्रे निवर्तले. ज्या माणसाने आधार दिला तोच गेल्यावर रहिमत खाँ पुन्हा रस्त्यावर येतील की काय, अशी शंका कोणालाही आली असती. पण तसे घडले नाही. विष्णुपंतांचे बंधू काशिनाथपंत छत्रे यांनी सर्कशीबरोबरच खाँसाहेबांचीही जबाबदारी स्वीकारली. खाँसाहेबांच्या स्वभावाचे बारकावे त्यांना पुरते ठाऊक होते. कोणत्या वेळी बोलावे, कोणत्या वेळी गप्प राहावे, गाण्यासाठी केव्हा आर्जव करावे आणि केव्हा करू नये, हे सारे त्यांनी जाणले होते. मैफलीत ते खाँसाहेबांच्या जवळ बसत आणि त्यांना सांभाळून घेत.

आयुष्याच्या अखेरच्या काळात रहिमत खाँ कुरुंदवाड येथे राहिले. हे गाव कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या परिसरात, नरसोबाच्या वाडीजवळ आहे. तेव्हा ते पटवर्धनांच्या लहानशा संस्थानाचे ठिकाण होते. मिरज, सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी ही संगीतप्रेमी गावे जवळच होती. मिरजेच्या कारागिरांनी बनवलेले तानपुरे तर देशभर नावाजले जात. ग्वाल्हेरच्या मुसलमान उस्तादाचा हा मुलगा कृष्णाकाठच्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या आधाराने वृद्ध झाला. त्या काळी सोवळे-ओवळे आणि जातिधर्माची बंधने किती कडक होती, हे आपण जाणतो. गुरुऋण आणि माणुसकी यांच्यापुढे ती बंधने सैल झाली, ही गोष्ट फार मोलाची आहे.

आवाज जतन झाला

भारतात ध्वनिमुद्रणाला १९०२ साली प्रारंभ झाला. कलकत्त्याच्या गौहर जान यांचे गाणे त्या वर्षी तबकडीवर घेण्यात आले. पुढे अनेक गवयांच्या तबकड्या निघाल्या. काही उस्तादांना मात्र या यंत्राची भीती वाटे. आपली विद्या कोणी चोरील, आपला आवाज जाईल, असे त्यांना वाटत असे. रहिमत खाँ यांचे ध्वनिमुद्रण १९२० च्या सुमारास झाले. तेव्हा ते वृद्ध झाले होते.

त्या काळचे ध्वनिमुद्रण आजच्यासारखे सोपे नव्हते. विजेवर चालणारा मायक्रोफोन अजून आलेला नव्हता. गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीनच मिनिटांचे गाणे मावत असे. तासन्‌तास रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसवणे निरोगी गवयालाही अवघड जाई. स्वतःच्याच विश्वात रमणाऱ्या, थकलेल्या रहिमत खाँ यांना कर्ण्यासमोर योग्य वेळी सुरू करायला आणि योग्य वेळी थांबायला लावणे किती कठीण गेले असेल, याचा विचार करा. तरीही हे काम पार पडले. त्या मोजक्या तबकड्यांमुळे हद्दू खाँ यांच्या थेट शिष्याचा आणि पुत्राचा आवाज आज आपण ऐकू शकतो. तबकडीची खरखर बाजूला सारून लक्ष दिले, तर त्या वृद्ध आवाजातील सुरेलपणा आजही चकित करतो.

या तबकड्यांमध्ये यमुनातीराचे वर्णन करणारी भैरवी रागातील एक ठुमरी आहे. रहिमत खाँ यांच्या गाण्याचा खोल परिणाम किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यावर झाला. ते मिरजेला राहत असत. रहिमत खाँ यांच्या स्वरातील आर्तता आणि आलापातील ठहराव त्यांनी आपल्या गायकीत मुरवला. तीच भैरवी पुढे अब्दुल करीम खाँ यांनी गायिली आणि ती अमर झाली. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांच्या गाण्यातूनही तो आर्त स्वर पुढे वाहत राहिला. भीमसेन जोशी यांनी गायिलेली ती भैरवी आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. त्या स्वरांमागे काशीच्या रस्त्यावर भटकणारा एक आजारी गवई उभा आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

१९२२ साली कुरुंदवाड येथे रहिमत खाँ यांचे निधन झाले. त्याच वर्षी थोर गवई भास्करबुवा बखले यांचेही निधन झाले, आणि त्याच वर्षी भीमसेन जोशी यांचा जन्म झाला. संगीताची परंपरा अशी एका हातातून दुसऱ्या हातात जात असते.

आज या चरित्राकडे पाहताना

रहिमत खाँ यांना नेमका कोणता मानसिक आजार होता, याची चर्चा करण्यात अर्थ नाही. रोग्याला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय रोगाला नाव देऊ नये, हा वैद्यकशास्त्राचा नियम आहे. आपण पाहायचे ते त्यांच्याभोवतीच्या माणसांचे वागणे.

त्यांच्याविषयी अनेक गमतीदार आख्यायिका सांगितल्या जातात. त्या ऐकून लोक हसतात. पण मनाच्या आजाराने ग्रासलेल्या माणसाचे दुःख त्या हसण्यात हरवून जाते. छत्रे बंधूंनी त्यांना हसण्याचा विषय केले नाही, कोंडून ठेवले नाही, किंवा ते बरे होईपर्यंत त्यांचे गाणे थांबवूनही ठेवले नाही. माणूस आजारी असला तरी त्याच्यातील गुण जागा असू शकतो, हे त्यांनी ओळखले. आजार गेल्यावर जगायचे, असे न म्हणता आजारासह जगता येईल अशी व्यवस्था त्यांनी लावली. शंभर वर्षांपूर्वी कोणत्याही पुस्तकाच्या आधाराशिवाय केलेले हे काम आजच्या मानसोपचाराच्या विचाराशी जुळणारे आहे. औषधांबरोबरच कुटुंबाचा आधार, नियमित दिनक्रम आणि आवडीचे काम यांचा रोग्याला मोठा उपयोग होतो, असे आजचे तज्ज्ञही सांगतात.

मधल्या काळात परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. मानसिक आजारांवर परिणामकारक औषधे विसाव्या शतकाच्या मध्यापासून उपलब्ध झाली. इंग्रजांच्या काळातील १९१२ चा कायदा जाऊन १९८७ साली नवा कायदा आला. त्याच्या जागी २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा संमत झाला. उपचार मिळणे आणि सन्मानाने वागवले जाणे हा रोग्याचा हक्क आहे, असे हा कायदा सांगतो. २०२२ साली केंद्र सरकारने टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळण्याची सोय त्यातून झाली. रहिमत खाँ यांच्या नशिबी यांतील काहीच नव्हते. त्यांच्या नशिबी दोन माणसे होती, आणि त्या माणसांनी साथ सोडली नाही.

आपल्या घरात, शेजारी किंवा कामाच्या ठिकाणी मनाने खचलेली माणसे असतात. त्यांना वैद्यकीय उपचार मिळवून देणे हे पहिले कर्तव्य आहे. परंतु उपचारांबरोबर त्यांच्याजवळ बसणारे, त्यांचे गुण ओळखणारे कोणीतरी लागते. कोणत्याही सर्कशीचा खेळ तंबू उतरला की संपतो. छत्र्यांच्या सर्कशीचे खेळही केव्हाच संपले. पण छत्रे बंधूंनी सांभाळलेला सूर अजून ऐकू येतो.

स्वाध्याय

१. रहिमत खाँ यांना भूगंधर्व का म्हटले जाई?

२. विष्णुपंत छत्रे आणि रहिमत खाँ यांच्यातील गुरुबंधूंचे नाते तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

३. कलावंताच्या वेडामुळे त्याची कला थोर होते, हा समज पाठात कोणत्या कारणांनी नाकारला आहे?

४. १९२० च्या सुमारास ध्वनिमुद्रण करताना कोणत्या अडचणी येत असत?

५. छत्रे बंधूंनी रहिमत खाँ यांचा सांभाळ केला. अशा सांभाळात कोणकोणत्या गोष्टी येतात, याविषयी दहा ओळी लिहा.

६. उपक्रम : रहिमत खाँ, अब्दुल करीम खाँ आणि भीमसेन जोशी यांच्या आवाजातील भैरवी मिळवून ऐका आणि तुम्हाला जाणवलेले साम्य व फरक वहीत नोंदवा.